खसऱ्यात नसलेली माणसं: इंदूर परिसराच्या भूवापर आराखड्यात समन्याय कसा आणायचा

मध्यप्रदेशात जमिनीचा कागद म्हणजे सातबारा नव्हे, खसरा (जमिनीच्या तुकड्यानिहाय नोंद) आणि बी-१ (खातेदारनिहाय उतारा). नाशिक-नागपूरकडून इंदुरात नियोजनाच्या कामाला आलेले लोक पहिले इथेच अडखळतात. इंदुरातच वाढलेली मराठी मुलंही अडखळतात, कारण घरी मराठी, शाळेत हिंदी आणि पटवाऱ्याची, म्हणजे तलाठ्याची, भाषा या दोहोंपेक्षा वेगळी. शब्द महिन्याभरात अंगवळणी पडतात. अंगवळणी पडू देऊ नये अशी गोष्ट दुसरी आहे. खसऱ्यात भूमिस्वामीचं, म्हणजे जमीनमालकाचं, नाव असतं. त्याच जमिनीवर बटाईने (पिकाच्या वाट्यावर) राबणारा, कडेला झोपडी टाकून राहिलेला वीटभट्टीवरचा मजूर, बांधावरून रोज शेळ्या नेणारी बाई, यांची नावं तिथे शोधून सापडत नाहीत. आराखडा खसऱ्यांवरून बनतो आणि परिणाम मात्र या सगळ्यांवर होतो.

‘समन्यायी’ हा शब्द मराठीत पाणीवाटपाच्या चळवळींनी रुजवला. जमिनीच्या बाबतीतही त्याचा अर्थ तोच: सगळ्यांना सारखं नव्हे, तर ज्याला मुळात कमी मिळालंय त्याचा वाटा आधी मोजायचा. हे काम ‘सामाजिक बाबी’ नावाचं एक प्रकरण शेवटी जोडून होत नाही. आधारनकाशा, म्हणजे ज्यावर पुढचा आराखडा रेखला जातो तो मूळ नकाशा, बनत असतानाच ते करावं लागतं. नकाशावर जे नाही त्याला जागा सोडता येत नाही, आणि पुढे हरकतींच्या मुदतीत ते घुसवणं फार अवघड असतं.

आधी कागदांची उतरंड समजून घ्या

सगळा कारभार मध्यप्रदेश नगर तथा ग्राम निवेश अधिनियम, १९७३ खाली चालतो. नगर तथा ग्राम निवेश संचालनालयाला सगळे टीएनसीपी (टाउन अँड कंट्री प्लॅनिंग) म्हणतात. सर्वांत वर प्रादेशिक योजना, तिच्याखाली एका निवेश क्षेत्राची, म्हणजे नियोजनासाठी ठरवलेल्या क्षेत्राची, विकास योजना (लोक तिला मास्टर प्लॅन म्हणतात), तिच्याखाली विकास प्राधिकरणाच्या नगर विकास योजना आणि तळाला एकेका भूखंडाची परवानगी. विकास योजनेच्या वाटेवरची कलमं पाठ असावीत. कलम १३ खाली निवेश क्षेत्र ठरतं. कलम १५ खाली सध्याच्या भूवापराचा नकाशा प्रसिद्ध होतो. कलम १८ खाली योजनेचा मसुदा येतो आणि कलम १९ खाली सरकार मंजुरी देतं. कलम १५ आणि १८ या दोन्ही टप्प्यांवर हरकती-सूचनांसाठी तीस दिवस मिळतात. मसुदा आला की वर्तमानपत्रं भरून वाहतात, पण कलम १५ चा नकाशा लागला तेव्हा कोणी फिरकत नाही. खरं भांडण तिथेच जिंकता येतं.

इंदूर विकास योजना २०२१ ही १ जानेवारी २००८ पासून लागू झाली. नावातलं वर्ष उलटून गेल्यावरही परवानग्या तिच्यावरच दिल्या जात राहिल्या. दरम्यान २०१४ मध्ये २९ गावं नगर निगमात (महानगरपालिकेत) आली, वॉर्ड ८५ झाले, आणि पुढच्या योजनेसाठी निवेश क्षेत्रात आणखी ७९ गावं घेतली गेली. २०२५ मध्ये राज्याने महानगर क्षेत्रांसाठी वेगळा कायदा केला. आता इंदूरबरोबर उज्जैन, देवास, धार हा पट्टा एकाच चौकटीत पाहिला जाऊ लागलाय. संविधानाच्या अनुच्छेद २४३ झेडई प्रमाणे महानगर नियोजन समितीत किमान दोन तृतीयांश सदस्य नगरपालिकांचे सदस्य आणि पंचायतींचे अध्यक्ष यांनी आपापसांतून निवडलेले असावे लागतात, पण त्या जागा शहरी आणि ग्रामीण लोकसंख्येच्या प्रमाणात वाटल्या जातात. म्हणजे जमीन गावाची जाणार आणि मतं शहराची जास्त पडणार. हे गणित ध्यानात ठेवूनच पुढच्या पायऱ्या वाचा.

पहिली पायरी: आधारनकाशा. निम्मा वेळ इथे घाला

स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडीस यांनी तुकोजीराव होळकर तिसरे यांच्या दरबाराला इंदूरचा अहवाल दिला तो १९१८ मध्ये. आधी पाहणी, मग योजना, हा त्यांचा हट्ट होता. गल्ल्यांतून पायी हिंडून ते शहर समजून घेत. शंभर वर्षांनंतर पाहणी उपग्रहाच्या चित्रावरून होते. चित्रात छपरं दिसतात, छपराखाली कोण आहे ते दिसत नाही. म्हणून खालचे थर हाताने भरावे लागतात.

सुरुवात पटवारी नकाशापासून. गावाचा नकाशा साधारण १:४००० प्रमाणाचा असतो. उपग्रहचित्रावर तो बसवताना कोपरे सरकतात, कुठे पाच मीटर, कुठे वीस. शेतजमिनीत हा फरक चालून जातो. वस्तीच्या कडेला तोच फरक तीस घरं हरितपट्ट्यात टाकतो. नकाशा बसवताना रस्त्यांच्या चौकांवर भिस्त ठेवू नका. रस्ते रुंद झालेले असतात, वळवलेले असतात. हद्दीचे जुने दगड, ज्यांना इथे चांदा म्हणतात, ते कोतवालाला किंवा म्हाताऱ्या शेतकऱ्याला बरोबर घेऊन शोधा. एका गावात किमान चार, शक्यतो सहा पक्के बिंदू मिळाले की मग पुढे जा.

दुसरा थर सामायिक जमिनीचा, आणि हा सगळ्यांत जास्त हुकतो. मध्यप्रदेश भू-राजस्व संहिता, १९५९ प्रमाणे प्रत्येक गावाचं निस्तार पत्रक असतं (कलम २३४) आणि वाजिब-उल-अर्ज (कलम २४२). पहिल्यात सरकारी पडीक जमिनीवरचे गावाचे हक्क, दुसऱ्यात खासगी जमिनीवरच्या वहिवाटी: पायवाट, पाटाचं पाणी, मासेमारी. कलम २३७ मध्ये कोणकोणत्या कामासाठी जमीन राखता येते त्याची यादी आहे. चराई, सरपण, स्मशान आणि कबरस्तान, गावठाण, पडाव, खळं, बाजार, कातडी सोलण्याची जागा, खताचे खड्डे. चराईसाठी, म्हणजे चरनोईसाठी, गावाच्या एकूण शेतजमिनीच्या किमान २ टक्के राखण्याची अट आहे. ही यादी सावकाश वाचा. पडावाची, म्हणजे मुक्कामाची, जागा गाडिया लोहार, बंजारा यांच्यासारख्या फिरत्या समाजांची. कातडी सोलण्याची जागा कोणाच्या वाट्याला आली होती ते सांगायला नको. नियोजनाच्या नकाशावर हे सगळं ‘शासकीय भूमी’ या एकाच रंगात रंगतं, आणि रिकामी दिसणारी शासकीय भूमी म्हणजे बस डेपोला, शाळेला, पंपिंग स्टेशनला आयती जागा. तुमच्या नकाशावर या प्रत्येक वापराला वेगळा रंग द्या, आणि रंगाखाली ती जागा आज कोण वापरतं ते लिहा. कागदावर चरनोई आणि जागेवर घरं असं असेल तर दोन्ही दाखवा. एक लपवून दुसरं मांडलं की सुनावणीत तुमचा सगळा नकाशा खोटा ठरतो.

तिसरा थर वस्त्यांचा. ‘झोपडपट्टी’ हा एकच शिक्का पुरत नाही. १९८४ च्या कायद्याने मध्यप्रदेशात शहरी भूमिहीनांना पट्टे, म्हणजे राहत्या जागेच्या हक्काचे कागद, दिले गेले. त्यामुळे एकाच गल्लीत चार तऱ्हेची घरं सापडतात: पट्टा असलेली, पट्टा घेऊन पुढे स्टँपपेपरवर विकलेली, निगमच्या यादीत असूनही पट्टा नसलेली आणि कुठल्याच यादीत नसलेली. शिवाय भाडेकरू. पुनर्वसनात भाडेकरूचं नाव कधीच येत नाही, म्हणून त्याची नोंद वेगळी घ्या. भंवरकुआंच्या आसपास शिकायला आलेली हजारो मुलंमुली खोल्या घेऊन राहतात. तेही भाडेकरूच, आणि त्यांच्या खाणावळी, अभ्यासिका, रात्रीची ये-जा हाही भूवापरच.

इथे एक सावधगिरी बाळगा. घराघरांची यादी आणि घराघरांचा नकाशा कधीही जाहीर करू नका. बिनपट्ट्याच्या घरांची नेटकी यादी उद्या अतिक्रमण हटवणाऱ्या पथकाच्या हाती लागते. बाहेर द्यायचं ते गल्लीपातळीवरचं: अमुक गल्लीत इतकी घरं, त्यांतली इतकी भाड्याची. मूळ तक्ते वस्तीतल्या लोकांकडेच राहू द्या.

चौथा थर रस्त्यावरच्या पोटापाण्याचा. पथविक्रेता कायदा २०१४ सांगतो की दर पाच वर्षांनी किमान एकदा सर्वेक्षण व्हावं आणि वॉर्ड, विभाग किंवा शहराच्या लोकसंख्येच्या २.५ टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना सामावून घ्यावं. २०११ च्या जनगणनेत इंदूर नगर निगमची लोकसंख्या १९ लाख ६४ हजारांच्या घरात होती. त्या जुन्या आकड्यावरसुद्धा ही मर्यादा ४९ हजारांच्या आसपास जाते. मोजणी एकदाच दुपारी केली तर फसाल. सकाळी सात, दुपारी एक, संध्याकाळी सात आणि हाटाचा (आठवडी बाजाराचा) दिवस अशी चार वेळा करा. सराफ्यात तर रात्री नऊनंतर जा. दिवसा दागिन्यांची दुकानं, रात्री त्यांच्याच ओट्यांसमोर खाऊगल्ली, अशी एक जागा दोन पाळ्यांत वापरायची रीत इंदूरकरांना शिकवावी लागत नाही, पण नकाशाला एका जागेचा एकच रंग कळतो. एका ठेल्याला साधारण सव्वा मीटर बाय दोन मीटर जागा धरा आणि समोर गिऱ्हाइकाला उभं राहायला एक मीटर. हे न धरता ‘हॉकर झोन’ आखला की ठेले फुटपाथवर सांडतात आणि दोष विक्रेत्यांवर येतो.

याच थरात कबाडीची गोदामं, भंगार निवडायच्या जागा, घरी शिलाईकाम आणि पापड-अगरबत्ती करणाऱ्या बायकांच्या गल्ल्या येतात. शहराचा स्वच्छतेचा लौकिक मोठा आहे, पण कचरा निवडण्याच्या कित्येक जागा ‘निवासी’ रंगात मोडतात आणि म्हणून बेकायदा ठरतात. जे काम शहराला हवंय त्याला शहराच्या नकाशात रंग नाही, अशी स्थिती. पाणी मात्र विसरू नका: कान्ह आणि सरस्वती या नद्या, त्यांना मिळणारे नाले आणि तलावांची पाणलोट क्षेत्रं. सिरपूर आणि यशवंतसागर हे तलाव २०२२ मध्ये रामसर स्थळं, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागा, झाले. अशा जागांभोवती बांधकाम आवळलं जातं तेव्हा पहिला घाव काठावरच्या वस्तीवर पडतो, मागच्या कॉलनीचं सांडपाणी तसंच वाहत राहतं. म्हणून नाल्याच्या थरावर कोणती गटार कुठून येऊन मिळते तेही काढा.

वेळेचा अंदाज: नुसती घरांची आणि वापरांची नोंद करत दोन माणसं दिवसाला दीडशे घरांचा टापू उरकतात. बसून बोलायचं असेल तर पंधरा-वीस घरांच्या पुढे जाऊ नका. पुढची उत्तरं कंटाळ्याने भरली जातात.

दुसरी पायरी: बैठका

नकाशा १:२००० प्रमाणात ए-झिरो कागदावर छापा. एक सेंटिमीटर म्हणजे वीस मीटर. एका कागदात सुमारे १.७ बाय २.४ किलोमीटर बसतं. दाट वस्तीसाठी १:५०० हवा. खसरा क्रमांक बारीक अक्षरात आणि देऊळ, दर्गा, पिंपळ, राशन दुकान, बोअरिंग ठळक. लोक क्रमांकावरून जागा ओळखत नाहीत.

वेळ ठरवताना कामाचा दिवस बघा. मजूर चौकात सकाळी आठला बोलता येतं, दहाला काम न मिळालेलेच उरतात. घरकाम करणाऱ्या बायकांना दुपारी दोन ते चार मोकळीक असते. बायकांची बैठक वेगळी घ्या, आणि ती वॉर्डातल्या पुढाऱ्याच्या ओसरीवर तर अजिबात नको. त्यांच्याकडून येणारे मुद्दे वेगळे असतात: शौचालयापर्यंतचा अंधार, अंगणवाडीचं अंतर, बसथांब्याजवळची दारूची दुकानं. अपंग, म्हातारे आणि हातगाडी ढकलणारे यांना नकाशापाशी बसवण्यापेक्षा प्रत्यक्ष वाटेवरून बरोबर चालवा. फुटपाथ किमान १.८ मीटर मोकळा हवा, कडेची उंची १५० मिलिमीटरच्या वर नको, उताराचं प्रमाण १:१२. टेप घेऊन मोजा आणि जिथे अडलं तिथे नकाशावर खूण करा.

भाषेचंही बघा. सूचना हिंदीत निघते, पण खेड्यात माळवी, धारकडे भिली, खजरान्यात उर्दूमिश्रित हिंदी, जुन्या वाड्यांत मराठी, सिंधी वसाहतीत सिंधी. भाषांतराचे गठ्ठे छापण्यापेक्षा त्या बोलीत बोलणारा एक माणूस बैठकीत असणं जास्त कामाचं. आणि रोजंदारी बुडवून येणाऱ्याला त्या वेळेची मजुरी द्या. अंदाजपत्रकात ही रक्कम चहा-नाश्त्याच्या आधी लिहा.

काय बिघडतं? तीच पाच माणसं प्रत्येक बैठकीला येतात आणि ‘लोकसहभाग’ झाला असं इतिवृत्तात येतं. उपाय साधा आहे. हजेरीत नावाबरोबर चार खुणा ठेवा: बाई-पुरुष, मालक-भाडेकरू, काम, आणि राहण्याची गल्ली. तीन बैठकांनंतर कोणत्या गल्लीचा रकाना रिकामा आहे ते आपोआप दिसतं.

तिसरी पायरी: हिशेब

सरासरीवर विश्वास ठेवू नका. केंद्राच्या २०१४ च्या नियोजन मार्गदर्शिकेत दरडोई १० ते १२ चौरस मीटर मोकळी जागा सुचवली आहे. अडीच हजार लोकसंख्येमागे एक पूर्वप्राथमिक शाळा, पाच हजारांमागे एक प्राथमिक, पंधरा हजारांमागे एक दवाखाना. समजा एका वॉर्डात २४,००० लोक आहेत. १० चौरस मीटरने २४ हेक्टर मोकळी जागा हवी. प्रत्यक्षात बागा आणि मैदानं मिळून १.८ हेक्टर निघाली, तर दरडोई ०.७५ चौरस मीटर. शेजारच्या वॉर्डात मोठी बाग असेल तर दोघांची सरासरी बरी दिसेल, आणि मसुद्यात तीच छापली जाईल. म्हणून सगळ्या वॉर्डांची उतरती क्रमवारी लावा आणि खालचा पाचवा हिस्सा वरच्या पाचव्या हिश्शाच्या किती पट मागे आहे तो एकच आकडा काढा. सुनावणीत तोच लक्षात राहतो.

अंतर मोजताना नकाशावर वर्तुळ मारू नका. मधे रेल्वेरूळ असतात, नाला असतो, आग्रा-मुंबई रस्ता असतो. वर्तुळात ५०० मीटरवर दिसणारा दवाखाना पुलाने वळसा घालून सव्वा किलोमीटर निघतो. चालत जाऊन मोजलेलं अंतर लिहा, आणि शक्य असेल तर मूल कडेवर असलेल्या बाईच्या चालीने लागणारी मिनिटं.

चौथी पायरी: नवी जागा वाटताना

घरांचं आरक्षण कागदावर असतं. नव्या कॉलनीत दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटांसाठी जागा ठेवायची, किंवा त्याऐवजी आश्रय शुल्क भरायचं, असा पर्याय विकासकाला मिळतो. बहुतेक जण शुल्काकडे वळतात. त्या पैशातून कधी घरं झालीच तर ती जिथे जमीन स्वस्त तिथे, म्हणजे कामापासून दूर. कॉलनीतल्या घरी काम करणारी बाई मग रोज दोन बस बदलते. आराखड्याच्या पातळीवर मागायची गोष्ट ही: मोठ्या रस्त्यांच्या आणि मेट्रो स्थानकांच्या ८०० मीटरच्या आत ठरावीक क्षेत्रात आश्रय शुल्काचा पर्याय नको, जागाच द्यावी. शिवाय दुर्बल गटाचे भूखंड कुठे आहेत ते पाहा. ते हमखास नाल्याच्या काठाला, उच्चदाब तारांखाली किंवा टोकाला सापडतात. दोन रकान्यांचा तक्ता करा: बसथांब्यापासूनचं अंतर, दुर्बल गटाच्या भूखंडांचं आणि उरलेल्यांचं. फरक दिसला की वाद घालावा लागत नाही.

विकास प्राधिकरणाच्या नगर विकास योजना कलम ५० खाली येतात. आताच्या पद्धतीत जमिनी एकत्र करून रस्ते-बागा आखतात आणि मालकाला साधारण निम्मी जमीन विकसित भूखंडाच्या रूपात परत मिळते. पूर्वीच्या संपादनापेक्षा मालकासाठी हे बरंच बरं. ०.२ हेक्टर म्हणजे २,००० चौरस मीटर देणाऱ्याला १,००० चौरस मीटर मिळतं आणि त्याचा भाव वाढलेला असतो. बटाईदाराला, शेतमजुराला, चरनोईवर जनावरं पाळणाऱ्याला काय मिळतं? या हिशेबात त्यांचा रकानाच नाही. म्हणून योजनेच्या हद्दीत तीन गोष्टी भूखंड क्रमांकानिशी मागा: शेतमजुरांच्या सध्याच्या वस्तीची जागा तिथल्या तिथे, हाटाचा ओटा, आणि जनावरांच्या वाटेला किमान सहा मीटरचा पट्टा. ‘सुविधा क्षेत्र’ असा मोघम शब्द स्वीकारू नका. त्यावर पुढे व्यापारी संकुल उभं राहतं.

आणखी एक गोष्ट योजना जाहीर व्हायच्या आधीच करायची असते. वडील वारल्यावर खात्यावर फक्त भावांची नावं चढलेली असतात. हिंदू उत्तराधिकार कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीने मुलींना वडिलोपार्जित जमिनीत बरोबरीचा हक्क दिला, पण फौती नामांतरणात (वारसनोंदीत) नाव नसेल तर विकसित भूखंड भावांच्याच नावे निघतो. गावात शिबिर घेऊन बी-१ वाचून दाखवा. अर्धा दिवस लागतो. नंतर कोर्टात वर्षं जातात.

गिरण्यांच्या जमिनींकडेही याच नजरेने बघा. हुकुमचंद मिल १९९१ मध्ये बंद पडली. सुमारे ४,८०० कामगारांची देणी, जवळपास २२४ कोटी, डिसेंबर २०२३ मध्ये मार्गी लागली, तीही जमिनीच्या मोबदल्यातून. बत्तीस वर्षं. अशा जागेवर काय यावं हे ठरताना आजूबाजूच्या गिरणी वस्त्यांत चालत जाता येईल अशी शाळा आणि दवाखाना आधी, मनोरे मग, असा क्रम लेखी मागणं अवाजवी नाही.

धारच्या बाजूला काम असेल तर वेगळी वही उघडा. त्या जिल्ह्याचा बराच भाग संविधानाच्या पाचव्या अनुसूचीत, म्हणजे आदिवासी क्षेत्रांत, येतो आणि मध्यप्रदेशाचे पेसा नियम (अशा भागांतल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या कायद्याचे) १५ नोव्हेंबर २०२२ पासून लागू आहेत. तिथे ग्रामसभेला टाळून भूवापर ठरवता येत नाही, आणि भू-राजस्व संहितेच्या कलम १६५(६) प्रमाणे आदिवासींची जमीन बिगर-आदिवासीकडे जाण्यावर बंधन आहे. ग्रामसभेचा ठराव मागताना नकाशा वाड्या-फळ्यांच्या नावांनिशी न्या. सरपंचाच्या सहीचं पत्र म्हणजे ग्रामसभा नव्हे.

पाचवी पायरी: हरकत

भावना लिहू नका, क्रमांक लिहा. चांगली हरकत एका पानाची असते आणि तिच्यात इतकं असतं: नाव-पत्ता, नकाशाच्या पानाचा आणि मसुद्यातल्या परिच्छेदाचा क्रमांक, गाव आणि खसरा क्रमांक, तिथे आज काय आहे (तारखेसह फोटो, निस्तार पत्रकाची प्रत), मसुद्यात काय दाखवलं आहे, नेमका कोणता बदल हवा, आणि तो बदल केल्यास काढून घेतलेली सुविधा दुसरीकडे कुठे बसते. शेवटचा मुद्दा लोक सोडून देतात आणि तिथेच हरकत पडते. हरितपट्टा कमी करायला सांगताना तेवढंच क्षेत्र दुसरीकडे दाखवलं नाही, तर समितीकडे नाही म्हणण्याशिवाय पर्याय उरत नाही.

हिंदीत लिहा. छापील एकसारख्या पाचशे अर्जांना एकच समजलं जातं. वीस वेगवेगळे, प्रत्येकी आपल्या खसऱ्याचे, जास्त भारी पडतात. पावती शिक्क्यासह घ्या. शेवटच्या दिवसाची वाट पाहू नका, तेव्हा आवक खिडकीवर रांग असते आणि तीन वाजता ‘सर्व्हर’ बसतो. सुनावणीला वस्तीतल्याच माणसाला बोलू द्या, दोन मिनिटं, नकाशावर बोट ठेवून. विक्रेत्यांच्या बाबतीत पथविक्रेता कायद्याखालच्या नगर पथविक्रय समितीचा ठराव जोडा. त्या समितीत किमान ४० टक्के विक्रेते आणि त्यांत एक तृतीयांश बायका असायला हव्यात. नसतील तर तोच हरकतीचा पहिला मुद्दा.

मंजुरीनंतर

योजना मंजूर झाली की बहुतेक गट पांगतात. खरी झीज तेव्हा सुरू होते. कलम २३-क खाली सरकार मंजूर योजनेतही एकेका जागेचा वापर बदलू शकतं, आणि त्या सूचनेवर हरकतीला पंधरा दिवस मिळतात. सूचना वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, निविदांच्या गर्दीत, बारीक टाइपात येते. गटातल्या दोघांनी आठवडे वाटून घेऊन रोजच्या दोन हिंदी दैनिकांची ती पानं चाळायची. सापडलेल्या प्रत्येक सूचनेचं कात्रण वहीत डकवा आणि समोर लिहा: खसरा क्रमांक, जुना वापर, नवा वापर, अर्जदार व्यक्ती की संस्था. मैदानाचा व्यापारी वापर झाला, चरनोईचं निवासी झालं, असे बदल आधारनकाशाच्या प्रतीवर लाल पेन्सिलीने भरत राहा. पुढचा कलम १५ चा नकाशा लागेल तेव्हा ही लाल पेन्सिलीची प्रत घेऊन पहिल्या दिवशी जायचं.